झुलन गोस्वामी: लोकल ट्रेनची गोष्ट पुरे, आता बोलिंगवर बोलू

फाइनलेग (धागाकर्ता)

भारताची वेगवान गोलंदाज झुलनबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, साचा ठरलेला. नदिया जिल्ह्यातलं चकदहा, पहाटेची सियालदा लोकल, कोलकात्याचं विवेकानंद पार्क, १९९७ च्या वर्ल्डकप फायनलला ईडन गार्डन्सवर बॉलगर्ल, समोर ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क, मग स्वप्न, मग जिद्द, मग पद्मश्री. संपला लेख. यातलं काहीच खोटं नाही, तिनं स्वतःच अनेकदा सांगितलंय. पण वीस वर्षं ही बाई बावीस यार्डांवर नेमकं करत काय होती, हे त्या लेखांत शोधून सापडत नाही. कपिलवर लिहिताना आपण आउटस्विंगर सोडून चंदीगडच्या बसबद्दल लिहितो का?

तर माझ्या नजरेतून तिची बोलिंग.

पाच फूट अकरा इंच उंची आणि हात जवळजवळ कानाला घासून वर जाणारा. महिला क्रिकेटमध्ये या उंचीवरून सुटणारा चेंडू बॅटरला सवयीचा नसतो. ऐन भरात वेग १२० किमीच्या आसपास. टीव्हीवर पुरुषांचे १४० बघून बघून आपल्याला तो कमी वाटतो, तो भाग सोडा. तिचा हक्काचा चेंडू आत येणारा. ऑफच्या बाहेर, गुड लेंग्थपेक्षा किंचित मागे पडायचा आणि बॅट-पॅडमधल्या फटीकडे वळायचा. तरुणपणी तो हवेतच वळायचा. वय वाढलं, वेग उतरला तसं हवेतलं काम कमी होऊन खेळपट्टीवरचं वाढलं. मग बाहेर जाणारा कटर आला. रन-अप तोच, मनगट तसंच, आणि चेंडू उलट्या दिशेला. २०१७ च्या वर्ल्डकपमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या डर्बी सेमीफायनलमध्ये हरमनप्रीतच्या नाबाद १७१ पुढे बाकी सगळं विसरलं गेलं. त्याच सामन्यात मेग लॅनिंगचा शून्यावर त्रिफळा उडवला होता झुलननं. त्या वेळी लॅनिंग लवकर गेली म्हणजे अर्धी ऑस्ट्रेलिया गेली असं गणित असायचं.

आणि तीन दिवसांनी लॉर्ड्सची फायनल. १० षटकं, ३ निर्धाव, २३ धावा, ३ बळी. सारा टेलर आणि नॅट सिव्हरची भागीदारी भरात होती, इंग्लंड ३ बाद १४६. कर्णधार मिताली झुलनला परत आणते. टेलर लेगच्या बाजूला यष्टीमागे झेल. खरं सांगायचं तर तो चेंडू काही स्वप्नातला नव्हता, थोडी नशिबाची साथ होती. पण पुढचाच चेंडू! फ्रॅन विल्सन नुकती आलेली, पाय हलायच्या आत पायचीत. ५ बाद १४६. थोड्या वेळानं अर्धशतक झालेली सिव्हरही पायचीत, ६ बाद १६४. अडीचशेच्या पुढे जाणारा डाव २२८ वर थांबला तो या स्पेलमुळे. पुढे आपण ३ बाद १९१ वरून २१९ ला सर्वबाद झालो आणि ९ धावांनी हरलो. इंग्लंडच्या श्रबसोलचे ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत, झुलनचे २३ धावांत ३ कोणाला आठवतात?

आता माझा खरा मुद्दा. तिच्या कारकिर्दीकडे बघताना तिनं काय केलं एवढंच बघून चालत नाही, तिला किती खेळायला मिळालं तेही बघावं लागतं. ऑगस्ट २००६, टाँटन. इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ३३ धावांत ५, दुसऱ्यात ४५ धावांत ५. सामन्यात ७८ धावांत १०. भारतीय महिलांचा इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय. झुलन तेव्हा २३ वर्षांची. वेगवान गोलंदाजाची खरी वर्षं इथून सुरू होतात.

यानंतर भारतीय महिला संघाची पुढची कसोटी कधी? ऑगस्ट २०१४. आठ वर्षांनी! झुलन ३१ ची झालेली.

त्या वर्षी दोन कसोटी झाल्या, आणि मग पुन्हा थेट २०२१. कारकिर्दीत एकूण १२ कसोटी आणि ४४ बळी. त्यातल्या आठ कसोटी पहिल्या पाच वर्षांत, उरलेल्या चार पुढच्या सोळा वर्षांत. ते ४४ वाचताना मला दरवेळी चीड येते.

बोला मंडळी.

---

कट्टेकरी

जबरी धागा. वाचनखूण साठवली.

२०१७ च्या फायनलला आमच्याकडे बारा-पंधरा जण टीव्हीसमोर होते. पूनम राऊत ८६ वर गेली तेव्हाही कोणी उठलं नव्हतं. नंतरच्या अर्ध्या तासाबद्दल न बोललेलंच बरं. विल्सनचा चेंडू मात्र लख्ख आठवतो, कारण पंचांनी बोट वर करायच्या आधी आमच्याकडचे आजोबा "गेली!" म्हणून ओरडले होते.

---

आकडेबाज

+१. आता माझं आवडतं काम.

वनडे: २०४ सामने, २५५ बळी, सरासरी २२.०४, षटकामागे साडेतीनपेक्षा कमी धावा. सर्वोत्तम ३१ धावांत ६, न्यूझीलंडविरुद्ध, २०११. टी-२०: ६८ सामने, ५६ बळी, त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११ धावांत ५. तिन्ही प्रकार मिळून ३५५. वर्ल्डकपमध्ये ४३, पाच स्पर्धांत मिळून. लिन फुलस्टनचा ३९ चा विक्रम तिनं २०२२ मध्ये मोडला.

कॅथरिन फिट्झपॅट्रिकचा १८० बळींचा वनडे विक्रम मे २०१७ मध्ये मोडला, दक्षिण आफ्रिकेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये किंबर्लीला २००. मार्च २०२२ मध्ये २५०. २०० पार करणारी ती पहिली, आणि तिच्यानंतर सगळ्यात जवळ आलेली शबनिम इस्माईल १९१ वर थांबली. म्हणजे दुसरा क्रमांक साठाहून जास्त बळींनी मागे. हे अंतर बघा आणि मग "चांगली होती" असं म्हणा.

आणि २०४ वनडे वीस वर्षांत, म्हणजे वर्षाला जेमतेम दहा. पुरुषांच्या संघातला गोलंदाज हे दहा सामने काही महिन्यांत खेळून "वर्कलोड मॅनेजमेंट"वर जायचा.

---

जुना_प्रेक्षक

छान लिहिलंय, पण कसोटीचा विषय काढलाच आहे तर झुलनच्या आधीच्यांना विसरू नका. भारतीय महिलांत सर्वाधिक कसोटी बळी आजही डायना एडलजीच्या नावावर आहेत, २० कसोटींत ६३. पाठोपाठ आपल्या पुण्याची शुभांगी कुलकर्णी, १९ कसोटींत ६०. एक डावखुरी फिरकी, दुसरी लेगस्पिन. १९७६ ला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली अधिकृत कसोटी झाली, तेव्हापासूनचा हा काळ.

महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यातच झाली होती. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. एवढ्यावर सुरू झालेला कारभार. बोर्डाचा पैसा नाही, प्रवास आरक्षण मिळेल तसा, राहायची सोय डॉर्मिटरीत. तरीही डायनाला वीस कसोटी मिळाल्या, आणि जगातलं सगळ्यात श्रीमंत बोर्ड पाठीशी असताना झुलनला बारा. याची संगती लावून दाखवा मला कोणीतरी.

---

फाइनलेग

काका, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बरं, महिला क्रिकेट बोर्डाच्या छत्राखाली आलं ते २००६ मध्ये, आणि कसोटी बंद पडल्या त्याही २००६ नंतर. इतर देशांनीही तेव्हा महिलांच्या कसोटी गुंडाळल्याच होत्या, फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियानं ॲशेसपुरत्या धरून ठेवल्या. त्यामुळे सगळा दोष एकट्या आपल्या बोर्डाचा म्हणणार नाही. पण मनात असतं तर घरच्या मैदानावर दोन वर्षांतून एक कसोटी भरवणं अवघड होतं का?

---

नाखूश

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून थोडं उलट.

एक, त्या काळातल्या निम्म्या संघांची फलंदाजी कच्ची होती. आकडे त्यावर फुगलेत. दोन, शेवटच्या चार-पाच वर्षांत वेग राहिला नव्हता. टी-२० २०१८ मध्ये सोडली, ते योग्यच केलं, पण वनडेत २०२२ पर्यंत खेचायची गरज नव्हती. चाळिशीला आलेली गोलंदाज नवा चेंडू घेऊन उभी, आणि विशीतल्या मुली बाहेर पाणी देताहेत. असल्या भक्तीमुळेच आपल्याकडे दुसरी वेगवान गोलंदाज तयार व्हायला वेळ लागला. तीन, वर्ल्डकप एकही नाही. २००५ आणि २०१७, दोन्ही फायनल हरलो.

---

आकडेबाज

नाखूश, मुद्दा एक: फुगलेत तर इतरांचे का नाही फुगले? त्याच काळात, त्याच फलंदाजांना बाकीच्याही गोलंदाजी करतच होत्या.

मुद्दा तीन: तुमच्या हिशेबाने एकट्या गोलंदाजानं फायनल जिंकून द्यायची. १० षटकांत २३ देऊन तीन काढल्यावर आणखी काय करायला हवं होतं तिनं, सलामीला जायचं होतं का?

---

फाइनलेग

मुद्दा दोनला मी उत्तर देतो, कारण तिथे खरंच बोलण्यासारखं आहे.

सप्टेंबर २०२१, ऑस्ट्रेलियातलं मकाय. ऑस्ट्रेलियाची लागोपाठ वनडे विजयांची मालिका पंचविसावर पोचलेली. दुसरा सामना. आपल्या २७४. झुलन ३८ वर्षांची, पहिल्याच षटकात हीलीचा शून्यावर त्रिफळा. ऑस्ट्रेलिया ४ बाद ५२. मग बेथ मूनी उभी राहिली आणि शतक ठोकून सामना शेवटच्या षटकापर्यंत घेऊन आली. मैदानावर दव, चेंडू ओला, आणि शेवटचं षटक कोणाकडे? झुलनकडेच. शेवटच्या चेंडूवर ३ हव्यात. निकोला केरी झेल देऊन बाद, आपल्या मुली धावत सुटल्या, जल्लोष सुरू. आणि तिसऱ्या पंचांचा निर्णय: फुलटॉस कमरेच्या वर, नो-बॉल. पुन्हा टाकलेल्या चेंडूवर दोन धावा निघाल्या. हरलो.

मी तेव्हा टीव्ही बंद करून चक्कर मारायला गेलो होतो. एवढं झाल्यावर ३८ व्या वर्षी माणूस काय करेल? ही बाई दोन दिवसांनी त्याच मैदानावर उतरली, ३७ धावांत ३ घेतल्या, आणि पाठलागात शेवटच्या षटकात चौकार मारून सामना संपवला. ऑस्ट्रेलियाची २६ विजयांची मालिका तिथे तुटली. सामनावीर झुलन.

आता २०२२ चा वर्ल्डकप. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा शेवटचा साखळी सामना, जिंकलं तर सेमीफायनल. त्या सामन्याला झुलन दुखापतीमुळे नव्हती. सामना शेवटच्या चेंडूवर गेला, तिथेही नो-बॉल पडला आणि आपण बाहेर. ती असती तर जिंकलोच असतो असं मी म्हणत नाही. पण ३९ व्या वर्षी ती संघात "भक्तीमुळे" नव्हती, तिची जागा घेणारी नव्हती म्हणून होती. आणि बदली तयार करणं हे निवड समितीचं काम, तिचं नाही.

---

नाखूश

मकायचं मान्य. निवड समितीचंही मान्य. तरी माझं मत, २०१८ नंतर दोघी-तिघींना नव्या चेंडूवर सलग एक वर्ष दिलं असतं तर २०२२ ला ही वेळ आली नसती.

---

मैदानावरची

मी मुलींना शिकवते, म्हणून थोडं त्या बाजूने.

वेगाची तुलना करताना लोक एक गोष्ट विसरतात. महिलांचा चेंडू वेगळा असतो, १४० ते १५१ ग्रॅम, आणि घेरालाही लहान. पुरुषांचा १५६ ते १६३. हलका चेंडू हवेत वळतो पण वळण टिकवायला मनगट सरळ लागतं. जरा बोटं बाजूला घसरली की चेंडू डगमगत जातो, शिवण उभी राहत नाही.

झुलनचे स्लो मोशन मी मुलींना दाखवते ते याचसाठी. बघण्यासारखी जागा म्हणजे चेंडू सुटतानाची तिची डावी बाजू. पुढचा हात वर राहतो, लवकर खाली कोसळत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली जोर लावायला गेल्या की हाच हात आधी खाली ओढतात, डोकं डावीकडे पडतं, चेंडू लेगला. मग मी व्हिडिओ थांबवून विचारते, "हिचं डोकं कुठे आहे?" डोकं फलंदाजाकडे, स्थिर. वीस वर्षं हे जमवायला खांदा, कंबर, टाच सगळं शाबूत लागतं. तिच्या टाचेनं आणि पाठीनं किती त्रास दिला असेल ते ज्यांनी वेगवान बोलिंग केली आहे त्यांनाच कळेल.

आणि हो, वनडेत तिनं दहा हजारांहून जास्त चेंडू टाकलेत. हे करणारी पहिली बाई. माझ्या लेखी २५५ पेक्षा हा आकडा मोठा.

---

तिरकस

शेवटचा सामना, लॉर्ड्स, २४ सप्टेंबर २०२२. आपल्या दीप्ती शर्मानं इंग्लंडच्या चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकरला धावबाद केलं, आणि जग चार दिवस तेवढ्यावरच भांडलं. झुलनची निवृत्ती गेली कोपऱ्यात. दीप्तीनं तेवढं टाळायला हवं होतं की नाही? 😀

---

आकडेबाज

घ्या, आला फाटा. नियमात बसतं, विषय संपला.

---

कट्टेकरी

नियमात बसतं हो, पण इंग्लंडला १७ हव्या होत्या, विकेट एकच. दीप्ती नाही तर झुलननं पुढचं षटक टाकून संपवलं असतं असं उगाच वाटतं मला.

---

फाइनलेग

झुलनची दहाच्या दहा षटकं तेव्हा संपलेली होती, ३० धावांत २. शेवटची विकेट केट क्रॉसचा त्रिफळा. कृपया धावबादवर वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो भांडायला.

त्या दिवसातलं मला आवडलेलं वेगळंच. नाणेफेकीला हरमन तिला सोबत घेऊन गेली. फलंदाजीला आली तेव्हा इंग्लंडच्या मुली दोन रांगांत उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्याच चेंडूवर फ्रेया केम्पनं तिला शून्यावर उडवली. असा निरोप फक्त क्रिकेटच देऊ जाणे.

---

रेघोट्या

पैशाबद्दल कोणीच बोललं नाही. तिचं पदार्पण जानेवारी २००२, इंग्लंडविरुद्ध चेन्नईला. महिलांना बोर्डाचे वार्षिक करार २०१५ मध्ये मिळाले, तेही वरच्या श्रेणीला १५ लाख. म्हणजे २००७ मध्ये आयसीसीची वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरलेली बाई पुढची आठ वर्षं बोर्डाच्या कराराविना खेळली. एअर इंडियाची नोकरी होती म्हणून निभावलं. आणि पुरुषांएवढी मॅच फी (कसोटी १५ लाख, वनडे ६, टी-२० ३) जाहीर झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. लॉर्ड्सच्या निरोपानंतर जेमतेम एका महिन्यात!

डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची प्रीमियर लीग, २०२३ ची. तिथे ती मुंबई इंडियन्सची मार्गदर्शक आणि गोलंदाजी प्रशिक्षक म्हणून आली, पहिलंच विजेतेपद मिळालं. पण खेळाडू म्हणून तो लिलाव तिच्या वाट्याला आलाच नाही.

---

जुना_प्रेक्षक

रेघोट्या, डायनाच्या पिढीला तर परदेश दौऱ्यासाठी स्वतःच पैसे उभे करावे लागायचे. नोकरीच्या जोरावर क्रिकेट खेळायचं, हा शिरस्ता झुलनपर्यंत चालत आला. आता शफाली, ऋचा यांना बघून बरं वाटतं.

---

कट्टेकरी

२ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील, आपण जिंकलेली वर्ल्डकप फायनल. मी स्टँडमध्ये होतो. दीप्तीचे ५ बळी, शफालीच्या ८७, सगळं झालं, आणि मग हरमन आणि मंडळी ट्रॉफी घेऊन सीमारेषेकडे गेल्या आणि ती झुलनच्या, मितालीच्या, अंजुम चोप्राच्या हातात दिली. नाखूश, तुमचा मुद्दा तीन तिथे मिटला असं धरा.

---

नाखूश

रेकॉर्डबुकात मिटत नाही. पण ठीक आहे, तेवढं देतो तुम्हाला.

प्रश्न पुढचा आहे. झुलननंतर कोण? रेणुका ठाकूर चेंडू आत आणते ते सुंदर, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या चार काढल्या होत्या १८ धावांत. पण उंची आणि उसळी नाही. क्रांती गौडनं २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये ५२ धावांत ६ घेतल्या. तिचा वेग आवडला, टप्पा अजून हलतो.

---

मैदानावरची

क्रांतीचा टप्पा हलतो कारण ती अजून पूर्ण ताकदीनं टाकते, आणि या वयात तिनं तसंच टाकावं. टप्पा मागाहून येतो. आधी टप्पा शिकवून नंतर वेग वाढवू, हे मुलींच्या बाबतीत आपल्याकडे फार चालतं आणि त्यातून निघतात सगळ्या शंभरच्या आतल्या "काटकसरी" गोलंदाज. झुलनला कोणी लहानपणी "हळू टाक, लाईन बघ" म्हणालं असतं तर हा धागाच निघाला नसता.

फाइनलेग, टाँटनच्या त्या दोन डावांचं कुठे चित्रीकरण असेल तर सांगा. मुलींना स्कोअरकार्ड दाखवून समजत नाही.

---

फाइनलेग

शोधतोय. हाती लागलं की इथेच टाकतो.